साठ की आठ?

नागपूरहून उत्तरेला वीस-पंचवीस किलोमीटर गेलं की खापरखेड्याची धुराडी लांबूनच दिसू लागतात. सावनेर तालुक्यातलं हे गाव. शेजारून कोलार नदी वाहते, थोडं पुढे बीना संगमावर कोलार, पेंच आणि कन्हान एकत्र येतात. आजूबाजूला दहेगाव, चनकापूर, सिल्लेवाडा, वलनी आणि जमिनीखाली कोळसा. महानिर्मितीच्या इथल्या वीजकेंद्रात २१० मेगावॉटचे चार संच आहेत, ते १९८९, १९९०, २००० आणि २००१ या वर्षांत सुरू झाले. ५०० मेगावॉटचा पाचवा संच २०११-१२ मध्ये आला. सगळे मिळून १३४० मेगावॉट. दिवाळीत राज्यभर दिव्यांच्या माळा लागतात, त्यातला काही उजेड इथून जातो.

या गावात कोळशाचा हिशेब टनात होतो, विजेचा युनिटात. राखेचाही हिशेब होतो. राखेवरून इथे निवेदनं गेली, आंदोलनं झाली, वर्तमानपत्रांत फोटो आले. राख अंगणातल्या तुळशीवर बसते, वाळत घातलेल्या कपड्यांना लागते, पाण्यावर तवंग धरते. तिचा पुरावा हातात धरून साहेबांच्या टेबलावर ठेवता येतो. आवाजाचं तसं नाही. त्याने निकामी झालेला कान बाहेरून अगदी जसाच्या तसा दिसतो. रक्त येत नाही, दुखत नाही, रजा पडत नाही. म्हणून त्यासाठी मोर्चा निघत नाही.

औष्णिक वीजकेंद्र म्हणजे मुळात आवाजांची साखळी. कोळशाची वॅगन उलटी होते, कोळसा क्रशरमध्ये फुटतो, पट्ट्यावरून बंकरमध्ये जातो, मिलमध्ये त्याचं पीठ होतं, बॉयलरमध्ये ते जळतं आणि त्या वाफेवर टर्बाइन मिनिटाला ३००० फेरे घेतं. बॉयलरला हवा पुरवणारे आणि धूर ओढून घेणारे अजस्र पंखे वेगळे. फीड पंप वेगळे, कॉम्प्रेसर वेगळे, राख वाहून नेणारे पंप वेगळे. अशा केंद्रांमध्ये टर्बाइनच्या मजल्यावर, मिलच्या शेजारी, पंख्यांजवळ ९० ते १०० डेसिबल ही रोजची पातळी असते. सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला किंवा वाफेची लाइन फुटली तर विचारायलाच नको.

डेसिबलचा आकडा फसवा असतो, हे इथे सांगून टाकलेलं बरं. ९० आणि ९३ मध्ये आपल्याला तीनचाच फरक दिसतो, पण ९३ला कानावर आदळणारी ऊर्जा ९०च्या दुप्पट असते. १०० म्हणजे ९०च्या दहापट. बाजारातली भाववाढ आपण जशी मोजतो तशी ही मोजली तर चूक होणारच, आणि कारखान्यांत ती सर्रास होते. 'पाच-सात डेसिबलने काय होतं' हे वाक्य त्या चुकीतूनच आलेलं असतं.

काय होतं ते बघू.

आतल्या कानात शंखाच्या आकाराची एक नळी असते. तिच्यात प्रत्येक कानाला साधारण पंधरा हजार केसपेशी. आवाजाच्या लाटेबरोबर त्यांच्या टोकावरचे तंतू वाकतात आणि मेंदूकडे संदेश जातो. जोरदार आवाजाने हे तंतू वादळात गहू लोळावा तसे लोळतात. रात्रभर शांतता मिळाली की बरेचसे पुन्हा उभे राहतात. म्हणून पाळी सुटल्यावर कानात दडे बसल्यासारखं होतं, बारीक शिट्टी वाजत राहते, आणि सकाळी उठल्यावर सगळं ठीक वाटतं. गड्याला वाटतं, कान सवयीचा झाला. कान सवयीचा वगैरे होत नाही. रोज थोडे तंतू उभे राहायचे राहून जातात, मग पेशीच मरते. पक्ष्यांमध्ये मेलेली केसपेशी पुन्हा उगवते, माणसात उगवत नाही. ती परत आणणारं औषध आजही नाही, शस्त्रक्रियाही नाही. कानाचं यंत्र आहे, पण ते उरलेल्या पेशींना मोठ्याने ऐकवतं, मेलेल्यांना जागं करत नाही.

आणि हे नुकसान सगळ्या स्वरांना सारखं होत नाही. यंत्राचा आवाज कसलाही असो, पहिला घाव साधारण ४००० हर्ट्झच्या आसपास पडतो. श्रवणाचा आलेख काढला तर तिथे खाच दिसते, तिच्या दोन्ही बाजूंना रेषा अजून बरी असते. कानाचे डॉक्टर ती खाच बघूनच विचारतात, 'नोकरी कुठे करता?' आता मराठी बोलण्यात या उंच पट्टीत काय बसतं? 'आ', 'ओ', 'म', 'ब' खालच्या पट्टीत असतात, ते धडधाकट ऐकू येतात. वर असतात स, श, च, त, ख, फ. म्हणजे ज्याची खाच खोल झाली आहे त्याला माणूस बोलतोय हे कळतं, कोण बोलतोय हेही कळतं, पण काय बोलतोय ते कळत नाही. 'साठ' म्हटलं तर त्याला 'आठ' ऐकू येतं. 'सात'चं 'आत' होतं. गप्पांमध्ये संदर्भावरून माणूस जोडून घेतो. पण वॉकीटॉकीवर कुणी व्हॉल्व्ह साठ टक्के उघडायला सांगितला तर तिथे संदर्भ नसतो, फक्त आकडा असतो.

घरातलं चित्र मात्र वेगळं दिसतं. टीव्हीचा आवाज वाढत जातो. नातवंडांचं आणि बायकोचं बोलणं आधी हरवतं, कारण त्यांचे आवाज उंच पट्टीतले. पुरुषांचं बोलणं बराच काळ टिकतं. मग घरोघरी तोच तंटा, 'मित्राचं बरं ऐकू येते, माझंच नाई येत!' ती खोटं बोलत नसते आणि तोही नाटक करत नसतो. 'काहून वरडता?' असं त्याला विचारलं तर तो चकित होतो, कारण त्याच्या हिशेबाने तो वरडतच नसतो. लग्नाच्या पंगतीत, चार माणसं एकदम बोलत असताना, तो हसऱ्या चेहऱ्याने मान डोलावत बसतो. हळूहळू पंगतीला जाणंच टाळतो. कोविडच्या काळात सगळ्यांच्या तोंडावर मास्क आले तेव्हा अशा कितीतरी जणांची पंचाईत झाली. आपण इतकी वर्षं अर्धं ओठांवरून वाचत होतो हे त्यांना तेव्हा कळलं.

हा आजार काही नवा नाही. १८८६ मध्ये ग्लासगोच्या थॉमस बार नावाच्या कानाच्या डॉक्टरने बॉयलर बनवणारे शंभर कामगार तपासले. लोखंडी पत्र्यांवर रिव्हेट ठोकणारी ही माणसं. साधन काय, तर खिशातलं घड्याळ. त्याची टिकटिक किती अंतरावरून ऐकू येते ते मोजायचं. शंभरात एकाचाही कान धड निघाला नाही. नागपूरकरांना हे सांगायला ग्लासगोपर्यंत जायची गरज नाही खरं तर. १८७७ मध्ये सुरू झालेल्या एम्प्रेस मिलच्या लूमखात्यात ज्यांची हयात गेली, त्यांच्या पोरानातवंडांना घरी काय आवाजात बोलावं लागायचं हे आठवत असेल. मिल गेली, तिचा भोंगा गेला, कान परत आले नाहीत.

०००

आता कायद्याकडे वळू. कायदा आहे, आणि जुना आहे. १९४८च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत अधिसूचित रोगांची यादी होती. त्यात शिशाच्या विषबाधेबरोबर, सिलिकोसिसबरोबर, आवाजाने येणारं बहिरेपणही होतं. असा रुग्ण सापडला की डॉक्टरने कारखान्यांच्या मुख्य निरीक्षकांच्या कार्यालयाला कळवायचं. न कळवल्यास दंड, एक हजार रुपयांपर्यंत. खाणींसाठी हा आजार अधिसूचित व्हायला २०११ साल उजाडलं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हे सगळे कायदे नव्या संहितेत गेले. कारखाने, खाणी आणि कंत्राटी कामगार या तिन्हींचे जुने अधिनियम व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये विलीन झाले. तिच्याही अनुसूचीत हे बहिरेपण आहे. म्हणजे गेली कित्येक दशकं सरकारदरबारी हा आजार आहेच. सापडत मात्र नाही.

मर्यादेचं गणित बघा. आपल्याकडे कारखाने नियमांत आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबल चालत आले आहेत. ९५ असतील तर चार तास, १०० असतील तर दोन, १०५ला एक, ११०ला अर्धा आणि ११५ला पाव तास. त्याच्या वर अजिबात नाही. म्हणजे पाच डेसिबल वाढले की वेळ निम्मी. पण ऊर्जा तर तीन डेसिबललाच दुप्पट होते! अमेरिकेतली 'नायॉश' ही संशोधन संस्था ८५ला आठ तास धरते आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मी करते. तिच्या हिशेबाने १०० डेसिबलला पंधरा मिनिटं पुरे. आपल्याकडे दोन तास. एकाच माणसाचा कान, मर्यादेत आठपट फरक. युरोपीय संघाच्या २००३च्या निर्देशात तर ८० डेसिबलपासूनच मालकाची जबाबदारी सुरू होते आणि कानसंरक्षक धरूनही ८७च्या वर जाता येत नाही.

आपली ९०ची मर्यादा सुरक्षित आहे असंही कुणी समजू नये. नायॉशच्या १९९८च्या अंदाजाप्रमाणे चाळीस वर्षं ९० डेसिबलमध्ये काम केलं तर चौघांपैकी एकाला बोलणं समजण्याइतकी अडचण होते. ८५ला हा धोका शंभरात आठ. म्हणजे कायद्याच्या आत राहूनही एक चतुर्थांश कामगारांचा कान जाऊ शकतो, आणि तरी कागद स्वच्छ.

गंमत म्हणजे आपल्याच खाण सुरक्षा महासंचालनालयाने १९७५च्या परिपत्रकात ८५ डेसिबल ही इशाऱ्याची आणि ९० ही धोक्याची पातळी ठरवली होती. पन्नास वर्षांपूर्वी. इशारा ८५लाच द्यायचा, एवढं शहाणपण आपल्याकडे तेव्हापासून आहे. खापरखेड्यात तर वीजकेंद्र आणि खाण शेजारी-शेजारी आहेत. एकाच घरातला एक भाऊ वेकोलित, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणीत, आणि दुसरा वीजकेंद्रात असेल तर दोघांच्या कानांना दोन नियम लागू होत आले.

खाणीतल्या भावाचा कान तर थेट जिवाशी बांधलेला. सिल्लेवाड्यासारख्या भूमिगत खाणीत पाळी सुरू होताना छत ठोकून पाहायचं असतं. काठी किंवा लोखंडी दांडा वर मारायचा आणि ऐकायचं. भरीव, खणखणीत आवाज आला तर दगड पक्का. पोकळ, भदभद आवाज आला तर वरचा थर सुटलेला, तिथून मागे व्हायचं, टेकू लावायचे. दगड सुटायच्या आधी करकरतो, बारीक खडे गळतात, लाकडी टेकू कुरकुरतो. जुन्या खाणकामगाराचा हा सगळा अभ्यास कानाने केलेला. लोडर आणि ड्रिलच्या आवाजात वीस वर्षं काढल्यावर त्याच माणसाकडून ती करकर ऐकण्याची अपेक्षा आपण करतो. खुल्या खाणीत डंपर मागे घेताना वाजणारा भोंगाही तसाच, उंच पट्टीतला. ज्याच्यासाठी तो वाजवायचा त्यालाच तो उशिरा कळतो.

वीजकेंद्रातला फिटरसुद्धा कानाचा कारागीर. पंपाचं बेअरिंग बिघडतंय की नाही हे बघायला तो लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या हाउसिंगवर टेकवतो, मूठ कानामागच्या हाडाला लावतो आणि डोळे मिटून ऐकतो. घरघर आली तर गोळ्या झिजल्या, किरकिर आली तर ग्रीस कमी. आता कंपन मोजायची यंत्रं आली आहेत, ती चांगली आहेत, पण हा माणूस अजून सगळ्यांना लागतो. 'कानात बोळा घातला तर मशीन कशी ऐकू येईल?' हा त्याचा सवाल हुज्जत म्हणून सोडून देण्यासारखा नाही. उत्तर असं की निरोगी कानाला गोंगाटात बोळा घालून उलट बरं ऐकू येतं, कारण गोंगाट आणि बोलणं दोन्ही सारखंच खाली येतं आणि कान कोंदत नाही. पण ज्याचा वरचा पट्टा आधीच गेला आहे त्याला बोळा घातल्यावर बोलणं अगदीच कळेनासं होतं. म्हणून तो काढून टाकतो, आणि उरलेलंही गमावतो. बोळा पहिल्या दिवसापासून हवा. पंधराव्या वर्षी दिला तर तो वापरला जाणार नाही, आणि त्यात दोष कामगाराचा नाही.

०००

तरीही, या सगळ्याची चर्चा बोळ्यापाशीच सुरू होते याला माझा आक्षेप आहे. सुरक्षा सप्ताहात फलक लागतात, 'येथे कानसंरक्षक वापरा'. खाली हेडफोनसारखं चित्र. खरेदी विभागाने पिशवीभर फोमचे बोळे आणले की काम झालं. सुरक्षाशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात बोळा सगळ्यात शेवटी येतो. आधी यंत्र, मग वाट, मग वेळ आणि मग माणूस.

यंत्राचं म्हणजे काय? कन्व्हेयरच्या पट्ट्याखालचे रोलर वेळेवर बदलले तर किंचाळणं थांबतं. कोळसा जिथून खाली पडतो त्या पत्र्याच्या चूटला आतून रबर लावलं तर धडधड कमी होते. वाफेची गळती दुरुस्त केली तर वाफही वाचते आणि कानही. व्हेंटला सायलेन्सर, कॉम्प्रेसरला खोकं, पंख्याच्या डक्टवर जाड लॅगिंग (आच्छादन), पायाला कंपनरोधक गाद्या. नवं यंत्र घेताना निविदेत ताकद आणि किंमत यांच्या जोडीला आवाजाचीही कमाल मर्यादा लिहायची. यातलं काहीही रॉकेट उडवण्यासारखं नाही. बरंचसं तर देखभालीच्या नोंदवहीतलंच काम आहे, फक्त त्याकडे आवाज म्हणून कुणी बघत नाही. आवाज वाढणं हे बहुतेक वेळा यंत्र झिजल्याचं लक्षण असतं. जिथे गोंगाट जास्त तिथे देखभाल कमी, असं थेट म्हणायला मला संकोच वाटत नाही.

वाटेचं म्हणजे भिंत, अंतर, दुहेरी काचेची कंट्रोल रूम. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की सहा डेसिबल कमी होतात. कामगाराचं टेबल, पाण्याचा माठ, वही ठेवायची जागा मशीनला खेटून कशाला? वेळेचं म्हणजे माणसं फिरती ठेवणं. चार तास मिलजवळ, चार तास दुसरीकडे. हे कागदावर सोपं आणि पाळीत अवघड, कारण माणसं आधीच कमी.

आणि मग बोळा. तो घालायचाही एक रिवाज आहे आणि तो फार थोड्यांना शिकवला जातो. हात धुवायचे. कोळशाच्या हाताने बोळा वळला तर कान चिघळतो आणि मग तो कायमचा खिशात जातो. फोमचा बोळा दोन बोटांत दाबत, वळत वातीसारखा बारीक करायचा. उजव्या कानासाठी डावा हात डोक्यावरून न्यायचा, कानाची पाळी वर आणि मागे ओढायची म्हणजे आतली वाट सरळ होते. मग बोळा आत सारायचा आणि बोटाने वीस-तीस सेकंद धरून ठेवायचा, तो फुगेपर्यंत. नीट बसला तर स्वतःचा आवाज घागरीत बोलल्यासारखा जाड येतो. बोळ्याचं अर्धं टोक बाहेर लोंबत असेल तर तो दागिना आहे.

काढून ठेवण्याचं गणित तर जास्तच क्रूर. ३० डेसिबल अडवणारा चांगला बोळा आठ तासांत फक्त अर्धा तास काढला, विडीसाठी म्हणा, फोनसाठी म्हणा, तर दिवसभराचं खरं संरक्षण १२ डेसिबलवर येतं. साडेसात तासांची शिस्त अर्ध्या तासात वाहून जाते. आता नागपूरच्या मे महिन्याचा विचार करा. बाहेर पारा पंचेचाळीसच्या पुढे, बॉयलरजवळ त्याहून जास्त, डोक्यावर हेल्मेट, कानावर घामाने चिकटलेले मफ, चष्म्याच्या काडीने त्यांना पडलेली फट. आठ तास सलग ते कोण घालेल? जो उपाय उन्हाळ्यात टिकत नाही त्यावर विदर्भात कुणाचं रक्षण सोपवू नये.

०००

या प्रश्नावर काम करणारी माणसं आपल्या दाराशीच होती. राष्ट्रीय खाणकामगार आरोग्य संस्था नागपूरलाच, अमरावती रस्त्यावर वाडीला. १९९० मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेच्या अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेतल्या विलीनीकरणाला २०१९ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिली. तिथल्या सुब्रतो नंदी आणि सारंग धात्रक यांनी २००८ मध्ये भारतातल्या आवाजजन्य बहिरेपणावर लेख लिहिला. त्यातली एक ओळ मला विसरता येत नाही. त्यांनी नोंदवलं आहे की हा आजार भरपाईला पात्र ठरला १९४८ मध्ये आणि पहिल्या माणसाला भरपाई मिळाली १९९६ मध्ये. मधली अठ्ठेचाळीस वर्षं देशभर गिरण्या चालल्या, लोखंड ठोकलं गेलं, खाणी खोदल्या गेल्या, आणि सरकारी हिशेबात एकही कान गेला नाही.

सर्वोच्च न्यायालयाचं दार २००५ मध्ये ठोठावलं गेलं. ऑक्युपेशनल हेल्थ अँड सेफ्टी असोसिएशन या संघटनेने कोळशावरच्या वीजकेंद्रांतल्या कामगारांच्या आरोग्यासाठी याचिका केली. ३१ जानेवारी २०१४ रोजी निकाल लागला. फुफ्फुसांच्या, त्वचेच्या आजारांबरोबर श्रवणदोषाचाही त्यात उल्लेख आहे. न्यायालयाने विषय राज्योराज्यीच्या उच्च न्यायालयांकडे सोपवला, त्यांनी स्वतःहून दखल घेऊन आपापल्या भागातल्या केंद्रांवर लक्ष ठेवावं म्हणून. खापरखेडा, कोराडी, चंद्रपूर, भुसावळ, परळी अशी मोठी वीजकेंद्रं असलेल्या राज्यात या निकालाची चर्चा घराघरांत व्हायला हवी होती. किती कामगारांना तो माहीत आहे, हे कुणीही आपल्या ओळखीत विचारून पाहावं.

भरपाईच्या वाटेवर आणखी एक खड्डा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ प्रमाणे 'ऐकण्यास कमी' म्हणवून घ्यायला दोन्ही कानांनी संभाषणाच्या पट्टीत ६० डेसिबलचं नुकसान लागतं, 'बधिर' ठरायला ७०. आवाजाने गेलेला कान सहसा वरच्या पट्टीत खोल जातो आणि खालच्या पट्टीत बरा राहतो. सरासरी काढली की माणूस प्रमाणपत्राच्या अलीकडे अडकतो. पंगतीत बसता येत नाही एवढा बहिरा आणि सरकारी फॉर्ममध्ये धडधाकट. कर्मचारी भरपाई अधिनियमात आवाजाने आलेला श्रवणदोष व्यावसायिक रोग म्हणून वेगळा नोंदलेला होता. तो अधिनियमही आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये विलीन झाला आहे, पण तिथेही वाट आहे. पण ती वाट चालायला एक कागद लागतो. नोकरीला लागलो तेव्हा कान कसा होता, याचा.

आणि खरी गाठ इथेच आहे. जुन्या कारखाने अधिनियमाखालची आदर्श नियमावली सांगत आली की मर्यादेपेक्षा जास्त आवाजात काम करणाऱ्याची श्रवणतपासणी कामावर लागल्यापासून १४ दिवसांत व्हावी आणि पुढे दर १२ महिन्यांनी. कायम कामगाराची फाइल निदान असते. ठेकेदारी कामगाराचं काय? अशा उद्योगांत कोळसा हाताळणी, राख, सफाई, लॅगिंग, ओव्हरहॉल, म्हणजे ज्या कामांत आवाज, धूळ आणि उष्णता सगळ्यात जास्त, ती मोठ्या प्रमाणावर कंत्राटी माणसं करतात. ठेका बदलतो, माणूस तोच राहतो, गेटपास नवा होतो. नव्या ठेकेदाराकडे त्याचा जुना आलेख नसतो. पाच ठेके झाले तर पाच वेळा तो 'नवा' कामगार. ज्याचा कान पहिल्या दिवशी मोजला नाही त्याचा गेलेला कान कुणाच्याच खात्यावर पडत नाही. 'म्हातारपणामुळे' असं एक सोयीचं कारण तयार असतंच. मग तो माणूस पंचेचाळीसचा का असेना.

तपासणी होते तिथेही ती कशी होते ते बघावं. पाळीच्या मध्यात बोलावून, बाहेर कॉम्प्रेसर चालू असलेल्या खोलीत केलेली श्रवणतपासणी निरुपयोगी. थकलेला कान खराब दिसतो आणि त्याचा अर्थ लावता येत नाही. आधी निदान १४ तास कानाला शांतता हवी आणि खोली आवाजबंद हवी. कानाजवळ कुजबुजून 'ऐकू येतं ना?' विचारणं ही तपासणी नव्हे. शाळेत, पोलीस भरतीत ठीक असेल, पण ४००० हर्ट्झची खाच त्यात सापडणार नाही. शिवाय डॉक्टरने क्षयाच्या औषधांबद्दल विचारायला हवं. स्ट्रेप्टोमायसिन, कॅनामायसिन, अमिकासिन ही इंजेक्शनं स्वतःच कान मारतात, आणि ती घेतलेल्याला गोंगाटात परत पाठवणं म्हणजे दुहेरी घाव. कोळशाच्या पट्ट्यात क्षय काही दुर्मीळ नाही.

खापरखेड्यातल्या, कोराडीतल्या, बुटीबोरीतल्या आणि हिंगण्यातल्या वाचकांसाठी आता थोडं रोकडं. कामाच्या जागी हातभर अंतरावरच्या सोबत्याशी बोलताना ओरडावं लागत असेल तर तिथे ८५ डेसिबलच्या वर आवाज आहे, हे धरून चाला. यासाठी यंत्र लागत नाही. नागपूरच्याच नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने आवाज मोजण्यासाठी 'नॉइज ट्रॅकर' हे अ‍ॅप काढलं आहे. कायदेशीर पुरावा म्हणून नाही, पण युनियनच्या बैठकीत विषय काढायला त्याचा आकडा पुरतो. पाळीनंतर कानात शिट्टी वाजत असेल तर त्या दिवशी कानाला मार बसला आहे, ती दुसऱ्या दिवशी गेली तरी. त्याच आठवड्यात वरातीच्या डीजेसमोर नाचायला जाऊ नका. कानाला मशीनचा आवाज आणि हौसेचा आवाज यांत फरक कळत नाही.

युनियनवाल्यांना एक विनंती. बोनस, पगारवाढ, रिक्त जागा यांच्या यादीत एक ओळ घाला: प्रत्येक कामगाराची, ठेकेदारी धरून, सुरुवातीची आणि वार्षिक श्रवणतपासणी, आणि तिची प्रत कामगाराच्या हातात. नव्या संहितेत चाळिशी ओलांडलेल्या कामगारांच्या मोफत वार्षिक आरोग्यतपासणीची तरतूद आहे, तिच्यात श्रवणाचा आलेख आग्रहाने मागा. पण चाळिशीची वाट बघू नका. आवाजाने होणारं नुकसान पहिल्या दहा वर्षांत सगळ्यात वेगाने होतं. तपासायचा तो बावीस-पंचविशीचा पोरगा.

आणि कामगाराच्या घरच्यांनो, हा लेख वाचून झाला की घरातल्या माणसाला विचारा, तुमच्या कानाचा कागद कुठे आहे? नसेल तर सुट्टीनंतरच्या सकाळी, कामावर जायच्या आधी, नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात घेऊन जा. आलेख काढायला अर्धा तास लागतो. ४००० हर्ट्झच्या खाली लिहिलेला आकडा बघा. तो २५च्या वर असेल तर डॉक्टरांकडून तसं लेखी घ्या, नोकरीचा तपशील त्यावर लिहून घ्या, आणि एक प्रत पीएफच्या कागदांसोबत घरी ठेवा.